खारे पाणी : ठीक

पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरला आणि श्रावण तेलगोटेचा हात तांब्यासकट तोंडाशीच थांबला. पाणी मचूळ होतं. झालं होतं ते एवढंच. अकोल्याच्या जुन्या शहरात एखाद्या सकाळी नळ आला नाही की लोक आळीतल्या विहिरीचं पाणी भरतात, तोंड वाकडं करून पितात आणि आपापल्या कामाला लागतात. त्यात हातपाय गळावेत असं काही नसतं. पण श्रावणचे गळाले. जिभेच्या कडांना ती जुनी, ओळखीची खारट चव चिकटून बसली. चुलीपुढे बसलेल्या मनकर्णाबाईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, मान वळवून पाहिलं. ‘‘काय झालं रे? नळ नाई आला आज, विहिरीचं पानी हाय ते. चार वर्सं अमरावतीले काय राह्यला, तोंडच बिघडलं काय तुयं? याच्यापरीस खारं पानी पिऊनशान वाढलो आपन.’’ तेच तर, श्रावणच्या मनात आलं. याच्याहून खारट पाण्यावर आपण वाढलो. एकोणीस वर्षं रोज प्यालो. आणि डबा त्या पाण्यात बुडवायचा राहिला.

राहिला, म्हणजे विसरला असं नव्हे. तसं म्हणायची सोय असती तर फार बरं झालं असतं. अकरा दिवसांपूर्वी कॉलेजच्या पदार्थविज्ञान खात्यातल्या लांबट वहीत त्यानं स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली, ‘गोडे पाणी : ठीक.’ दुसरी, ‘खारे पाणी : ठीक.’ दोन्ही ओळींची शाई एकच, अक्षर तेच, आणि खाली प्राध्यापक चिंतामण धारकरांची सही. पहिली ओळ खरी होती. अमरावतीच्या वडाळी तलावात, सर स्वतः काठावर छत्री घेऊन उभे असताना, त्यानं डबा बुडवून दाखवला होता. दुसरी ओळ खोटी होती. इतके दिवस ती खोटी आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तरी नव्हतं, जसं दुखऱ्या दाताच्या बाजूनं माणूस चावतच नाही आणि दात दुखत नाही असं म्हणतो. आज त्या घोटानं नेमका तोच दात ठणकवला. त्यानं तांब्या खाली ठेवला. आज बुधवार होता. उद्या सकाळच्या भरतीला, इथून शेकडो मैल लांब, रत्नागिरीच्या खाली एका खाडीत, ते लोक डबा बांधणार होते.

डबा साबणाच्या वडीएवढा. आत एक ट्रान्झिस्टर, दोन सेल, तारेची वेटोळी. बाहेरून मेण आणि सायकलच्या ट्यूबचं रबर. आणि वर हातभर लांबीची पोलादी तार. सेल जोडले की डबा दर दोन सेकंदांनी एक हाक मारी, आणि फेरफार केलेल्या रेडिओवर ती ‘टिक्’ अशी ऐकू येई. कल्पना हेमचंद्रची. हेमचंद्र हा धारकर सरांचा भाचा, समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारा. परदेशात कुणी सीलच्या पाठीवर यंत्रं बांधून ते किती खोल जातात, कुठे फिरतात हे शोधतंय असं त्यानं वाचलं आणि आपल्याकडच्या डॉल्फिनच्या पाठीवर असं काही बांधता येईल का म्हणून मामांना विचारलं. मामा म्हणाले, आमच्याकडे एक तेलगोटे म्हणून आहेत, त्यांच्या हातात कला आहे. अमरावतीत बसून डॉल्फिनचा डबा करायचा! खात्यात सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. ज्या गावात माणसाला समुद्र बघायचा तर नकाशा उघडावा लागतो, तिथे समुद्राचं यंत्र. श्रावणनंही समुद्र पाहिला नव्हता. डॉल्फिन हा मासा नव्हे, तो हवा घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो, हे सरांनी त्याला सांगितलं. तो वर आला की तारेचं टोक पाण्याबाहेर निघणार आणि डबा हाक मारणार. होडीतली माणसं ती ऐकत त्याच्या मागे जाणार. पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा जाळ्यात घेऊन डबा बांधलेला पट्टा कापणार. पट्टा नायलॉनचा. सुताचा कुजला असता, चामड्याचा सडला असता. नायलॉनला काही होत नाही म्हणून मुद्दाम नायलॉनचा.

नायलॉनला काही होत नाही. श्रावण उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. मागच्याच आठवड्यात हेमचंद्रचं पत्र आलं होतं की एक डॉल्फिन मच्छीमारांच्या जाळ्यात सापडला आहे, खाडीत कुंपण घालून ठेवलाय, लहान आहे, अजून वाढेल, पट्टा दोन बोटं सैल ठेवू. दोन बोटं! डबा बोलत राहिला तर पंधरा दिवस, मग पट्टा निघेल. डबा मुका झाला तर त्या एवढ्या मोठ्या पाण्यात त्याला शोधणार कोण? तो वाढत जाईल आणि पट्टा वाढणार नाही. बैलाच्या गळ्यात वासरपणीची दोरी राहून गेली की काय होतं हे श्रावणनं लहानपणी पाहिलं होतं. दोरी दिसेनाशी होते, वर कातडी येते आणि मग माशा येतात.

‘‘अक्का, बादली दे एक,’’ तो म्हणाला. ‘‘आन् मीठ.’’

‘‘मीठ कायले?’’

‘‘दे त खरं.’’

जोडीचा दुसरा डबा त्याच्या पिशवीतच होता. त्याची तार वाकली होती म्हणून इथल्या एका रेडिओवाल्याकडून तसलीच पोलादी तार घ्यायला तो कॉलेजातून एका दिवसाची रजा काढून आला होता, आणि सकाळीच दुकानात बसून त्यानं ती जोडून घेतली होती. अंगणात त्यानं बादली ठेवली, बरोबर आणलेला तो रेडिओ पायरीवर ठेवला, सेल जोडले. टिक्. टिक्. शेजारची जाईबाई भिंतीवरून डोकावली. नुसत्या विहिरीच्या पाण्यात डबा सोडला तसा आवाज बारीक झाला, पण राहिला. श्रावणला वाटलं, बघ, राहिला की. उगाच घाबरलो. मग त्यानं मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, आणखी एक मूठ टाकली. ‘‘अरे कावून नासून राह्यला बावा मीठ?’’ मनकर्णाबाई म्हणाली. टिक् असा एक मलूल आवाज आला आणि नंतर काहीच नाही. रेडिओ नुसता खरखरत राहिला. तारेच्या बुडाशी जिथे ती डब्यात शिरत होती तिथे खारं पाणी साचत होतं आणि सगळी हाक तिथल्या तिथे पाण्यात गळून जात होती. डबा त्यानं बाहेर काढून हवेत धरला. डॉल्फिन वर येतो तसा. डबा निथळत होता आणि गप्प होता. त्यानं मनात मोजलं, दहा, वीस, तीस. एवढा वेळ कुठला प्राणी पाण्यावर राहतो? मग त्यानं धोतराच्या सोग्यानं तारेचं बूड कोरडं पुसलं, आणि लगेच, टिक्. टिक्. टिक्. शहाण्यासारखा बोलायला लागला. समुद्रात कोण सोगा घेऊन बसणार होतं?

बादलीभर पाणी आणि दोन मुठी मीठ. धारकर सर महिन्यापूर्वी नेमकं हेच म्हणाले होते. ‘‘तेलगोटे, एका बादलीत मीठ घालून बघा म्हणजे झालं.’’ आणि श्रावण म्हणाला होता, ‘‘बादली कशाला सर? आमच्या गावाकडच्या विहिरी खाऱ्याच आहेत. विहिरीतच बघून येतो. खोलीही मिळेल.’’ सर खूश झाले होते. यात खोलीचा भाग थोडा होता आणि गावाचा जास्त. अकोटच्या वाटेवर, पूर्णेच्या काठचं त्याचं गाव. जमिनीखाली सगळं खारं पाणी. साऱ्या गावात एकच विहीर गोडी, देवळामागची. ती गावाची. महारवाड्याची विहीर वेगळी, इतकी खारट की डाळ शिजायची नाही. छप्पन साली सगळे नागपूरला जाऊन बौद्ध झाले, महारवाड्याला लोक भीमनगर म्हणायला लागले, पण विहीर काही दीक्षा घेऊन गोड झाली नाही. लहानपणी श्रावण देवळामागून जाताना रहाटाचा आवाज ऐकायचा आणि त्या पाण्याला चव कशी असेल याचा विचार करायचा. तर त्या गावात आपण यंत्र घेऊन जावं, पँट-शर्टात, सगळ्यांनी पाहावं, ही हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते आपल्या खिशातून जात असेल तोवरच खरं.

तो गेला तेव्हा एस.टी.तून उतरताच माणसं गोळा झाली. शालिकराम पाटील, गावचा सरपंच, स्वतः पुढे आला. श्रावणच्या बापाला हाच माणूस ‘डोम्या’ म्हणून हाक मारायचा. तो म्हणाला, ‘‘अरे श्रावण, त्या खाऱ्या हिरीत काय पाह्यतं? चाल इकडं. आपल्या गोड्या हिरीवर चाल. इतलं मोठं मशीन घेऊन आला गावात, त गावाच्या हिरीत सोड.’’ आपल्या, असं म्हणाला. श्रावणच्या कानात तो शब्द अजून होता. त्याला एकदा सांगायचं होतं की पाटील, मला खारंच पाणी पाहिजे, कामच खाऱ्या पाण्याचं आहे. ओठांवर आलंही होतं. पण पाय देवळामागे वळले. रहाटाला हात त्यानं स्वतः लावला. दोर गुळगुळीत होता, कितीतरी हातांनी गुळगुळीत झालेला, आणि त्यात त्याच्या घरातला एकही हात नव्हता. डबा खाली खाली गेला, पाण्याला लागला, आणि रेडिओत टिक् टिक् सुरूच राहिलं. लोक ओरडले. एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. पोहऱ्यातून आलेलं पाणी श्रावण ओंजळीनं प्याला. गोड म्हणजे नुसतं पाण्यासारखं पाणी होतं. त्याला रडू आलं आणि त्यानं तोंडावर पाणी मारून घेतलं. मग पाटलाच्या ओसरीवर चहा झाला. बाकीच्यांना कपबशी, त्याला काचेचा पेला. ते त्यानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं. तेवढ्यात परतीची गाडी आली. भीमनगरच्या विहिरीकडे जायला गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालावं लागलं असतं; आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी त्याला त्या विहिरीचं तोंडही बघायचं नव्हतं. पाणी ते पाणी. गाडीत बसल्यावर त्यानं वही काढली आणि धक्के खात खात दुसरी ओळ लिहिली.

‘‘काय वाजून राह्यलं हे सारखं?’’ मनकर्णाबाई पदराला हात पुसत अंगणात आली होती. श्रावणनं सेल काढले. त्यानं तिला सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी काचेच्या पेल्यापर्यंत. ती पायरीवर बसली. तिला ट्रान्झिस्टर कळत नव्हता, पण दोर कळत होता. ‘‘म्हंजे मासा कोठं हाय ते समजावं म्हनून त्याच्या आंगावर वाजनारं बांधतेत?’’ मासा नाही म्हणून सांगायचं श्रावणच्या जिवावर आलं. ‘‘हो.’’ ‘‘बाबाची काठी आठोते तुले?’’ ती म्हणाली.

आठवते म्हणजे काय. त्याला दुसरं काय आठवत होतं मघापासून? बाप डोमाजी, गावचा येसकर. खांद्याला घोंगडी, हातात घुंगरांची काठी. रात्री गस्तीला, दिवसा साहेबाच्या घोड्यापुढे, कुणाच्या मयताची बातमी घेऊन दहा कोस. काठी आपटली की घुंगरं वाजायची आणि गावाला कळायचं, डोम्या येतोय, कुठल्या बोळात आहे, किती लांब आहे. बायका घागरी बाजूला घ्यायच्या. घरी आई आवाजावरून भाकरी टाकायची. श्रावणला लहानपणी तो आवाज आवडायचा, ही त्याची आजवर कुणाला न सांगितलेली लाज होती. छप्पनच्या दसऱ्यानंतर डोमाजी नागपूरहून परत आला, काठी घेऊन पूर्णेवर गेला आणि रिकाम्या हातानं आला. दुसऱ्या दिवशी तो देवळापुढून जात असताना शालिकराम पाटील दचकला. ‘‘आला कवा रे डोम्या? वाजला नाईस!’’ आणि बाप, जन्मभर मान खाली घालणारा बाप, तिथेच थांबून म्हणाला होता, ‘‘आता असाच येत जाईन पाटील. न वाजता.’’ घरी येऊन सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याच हसण्यावर तो पुढची पाच वर्षं जगला. आणि त्याचा पोरगा एम.एस्सी. झाला, आणि त्यानं पुन्हा घुंगरू केलं. तेही धड वाजणारं नाही.

‘‘आता तार कर त्यायले,’’ मनकर्णाबाई म्हणाली. ‘‘बांधू नका म्हना.’’

‘‘नोकरी जाईन अक्का. शनिवारी मीटिंग हाय. कायम करतेत का काढतेत ते ठरनार हाय. चार वर्सं झाले, दरसाल नवा कागद. सरच बोलनार होते माह्यासाठी.’’

‘‘आन् नाई सांगतलं त?’’

नाही सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. हीच तर भीती होती. डबा मुका होईल, हेमचंद्र चार दिवस होडीतून कान देऊन बसेल, मग म्हणेल सेल संपले असतील, लाटेनं तार तुटली असेल. समुद्र आहे, काहीही होतं. वहीत ‘ठीक’ आहे, खाली सरांची सही आहे. खात्यातले दोघं-तिघं जे पाठीमागे ‘सवलतीचा माणूस’ म्हणायचे त्यांना बोलायला जागाच नव्हती. कायम झाला असता. ललिताला, त्याच्या बायकोला, क्वार्टर मिळालं असतं. मुलगा धर्मपाल पुढल्या वर्षी शाळेत जाणार होता. आणि कुठेतरी पाण्याखाली एक पोर दर महिन्याला थोडं थोडं वाढत राहिलं असतं. कुणालाच कळलं नसतं, एक श्रावण सोडून. ‘‘नाई सांगतलं त कोनालेच समजत नाई,’’ तो म्हणाला. मनकर्णाबाई उठली. ‘‘बाबानं काठी फेकली तवा इचारलं होतं काय कोनाले?’’ एवढं बोलून तिनं बादली उचलली आणि ते मिठाचं पाणी मोरीत ओतलं.

मोर्णेचा पूल ओलांडताना उन्हानं डांबर मऊ झालं होतं. सायकली, टांगे, कापसाच्या गाठी लादलेल्या बैलगाड्या. एका बैलाच्या गळ्यात वाजणाऱ्या घाटीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो तिच्याकडे बघत एवढा वेळ रेंगाळला की मागचा सायकलवाला खेकसला. सरांना आधी ट्रंक कॉल करावा का? सर शांतपणे ऐकतील. मग म्हणतील, तेलगोटे, घाई करू नका. वर्षाची मेहनत आहे, कदाचित चालेलही. बांधू दे, पुढचं पुढे पाहू. सर वाईट नव्हते, पण सही त्यांची होती. आणि सरांनी थांबा म्हटल्यावर न थांबण्याची सवय श्रावणला अजून लागलेली नव्हती. नको, कॉल नको. तारघराच्या उंच टेबलाशी उभं राहून त्यानं फॉर्म ओढला. दोरीला बांधलेला टाक फुटक्या निबाचा होता. पहिल्या फॉर्मवर त्यानं लिहिलं, ‘सुधारलेला डबा पाठवत आहे, तोवर थांबा.’ वाचायला किती छान होतं. हेमचंद्र थांबला नसता. भरती थांबत नाही आणि मच्छीमार कुंपणाला कंटाळले होते. दुसऱ्यावर लिहिलं, ‘सेलविषयी शंका, बांधू नका.’ हेमचंद्रकडे नवे सेल होते. त्यानं बदलले असते आणि बांधला असता. लबाडीलाही थोडं खरं लागतंच, आणि नेमकं तेवढंच त्याला चुकवायचं होतं. दोन्ही फॉर्म त्यानं खिशात कोंबले. तिसऱ्यावर त्यानं एकेक इंग्रजी अक्षर शाळकरी पोरासारखं सुटं सुटं लिहिलं.

काउंटरवरच्या कारकुनानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पेन्सिलीनं एकेक शब्द टिपत मोठ्यानं वाचलं. त्याचा अर्थ असा होता : ‘पट्टा बांधू नका. डबा खाऱ्या पाण्यात मुका होतो. खारी चाचणी घेतलीच नव्हती. चूक माझी. श्रावण तेलगोटे.’ रांगेतली तीन माणसं ऐकत होती. कारकून म्हणाला, ‘‘कोनाले बांधून राह्यले बावा तिकडं?’’

‘‘एका पोराले,’’ श्रावणच्या तोंडून निघून गेलं.

कारकुनानं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. ‘‘अर्जंट करतो मंग. पन पोस्टापासून खाडीपावतो पोस्टमन पायी जाईन. सांजच्याले पोचते का सकाळी, ते मी नाई सांगू शकत.’’ मग यंत्र कडकडू लागलं. टिक्, टिक् टिक्. श्रावण काउंटरला धरून ऐकत उभा राहिला. त्याची चूक आता तारेवरून एकेक अक्षर करून चालली होती आणि वाटेतल्या प्रत्येक तारघरात वाचली जाणार होती. आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. भीतीच वाटली, आणि भूक लागली.

बहिणीकडून पिशवी घेऊन तो दुपारच्या पॅसेंजरनं निघाला. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्याला वाटलं, ही वेळ ओहोटीची असेल. मग वाटलं, आपल्याला काय कळतं ओहोटीचं? घरी ललितानं विचारलं, तार मिळाली का? तो दचकला, मग लक्षात आलं, ती रेडिओवाल्याकडच्या तारेबद्दल विचारते आहे. त्यानं तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण एका दिवसात दोनदा खरं बोलण्याएवढा दम त्याच्यात उरला नव्हता. गुरुवारी सकाळी सात वाजता तो खात्यात जाऊन बसला. साडेसातला भरती, असं हेमचंद्रनं लिहिलं होतं. साडेसात वाजले. समोर भिंतीवरचं घड्याळ, खाली विद्यार्थ्यांची टेबलं, बाहेर कडुनिंबावर कावळे. आत्ता. आत्ता ते त्याला कुंपणातून वर घेत असतील. आत्ता बकल लावत असतील, पितळी बकल, जे श्रावणनंच कापडपेठेतून शोधून आणलं होतं. आठ वाजले. झालं असेल ते झालं असेल. साडेदहाला धारकर सर आले तेव्हा तो त्यांच्या खोलीत वही घेऊन गेला आणि टेबलासमोर उभं राहून त्यानं सांगितलं. गोड्या विहिरीचं मात्र सांगितलं नाही. ते सरांना समजलं असतं, आणि तेच त्याला नको होतं. कीव करून कुणी चूक माफ करावी यापेक्षा चूक उघडी राहिलेली बरी.

सरांनी वही उघडली. त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. ‘‘हे अक्षर तुमचं.’’

‘‘हो, सर.’’

‘‘आणि ही सही माझी.’’ त्यांनी वही मिटली. ते चिडले नाहीत. चिडले असते तर श्रावणला सोपं गेलं असतं. ‘‘तार करण्याआधी मला विचारावंसं वाटलं नाही?’’

‘‘वाटलं, सर. म्हणूनच नाही विचारलं.’’

सरांनी मान वर केली. त्या चार वर्षांत त्यांनी श्रावणकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं, आणि श्रावणनंही नाही. ‘‘शनिवारी मला काही बोलता येणार नाही तुमच्यासाठी,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तुम्हाला कळतंय ना?’’ त्याला कळत होतं. त्यानं मान हलवली. जा असं सर म्हणाले नाहीत, बसा असंही म्हणाले नाहीत; त्यामुळे तो उभाच राहिला. सर पेपर तपासू लागले. एक पेपर झाला, दुसरा झाला, मग अर्धा गठ्ठा झाला. पुंजाराम शिपाई दारात आला तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि त्याच्या हातात तारेचा लिफाफा होता. सरांनी तो फाडायला कागद कापायची सुरी शोधली, ती सापडेना, मग बोटानंच फाडला. वाचला. पुन्हा वाचला. श्रावणचे डोळे त्यांच्या ओठांवर खिळले होते. त्याच्या कानात रक्त वाजत होतं, दर सेकंदाला एकदा. सरांनी कागद टेबलावरून त्याच्याकडे सरकवला.

हेमचंद्रनं लिहिलं होतं : ‘पट्टा बांधल्यावर तार मिळाली. कुंपणातच पुन्हा पकडून कापला. सोडून दिला.’

श्रावणनं कागद खाली ठेवला. सर उठून खिडकीशी गेले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि मैदानात कुणी नव्हतं. ‘‘वर्ष गेलं,’’ ते पाठमोरे म्हणाले. ‘‘एक दिवस जरी मागोवा लागला असता तरी...’’ वाक्य तिथेच सोडून त्यांनी चष्मा पुसला, आणि मग एखाद्या लहान मुलासारखं, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं, विचारलं, ‘‘कुठं असेल हो तो आता?’’

श्रावणला बापाचा ठसका ऐकू आला. आपण हसतोय हे त्याला उशिरा कळलं; आणि शनिवारी काय होणार हे पक्कं ठाऊक असूनही ते हसू काही आवरेना.

‘‘नाही सांगता येणार, सर,’’ तो म्हणाला. ‘‘न वाजता गेला तो.’’